कोशिंबीर म्हणा, पचडी म्हणा, पण आधी विचारा "दह्यातली की कुटातली?"

माझं माहेर पुण्याचं आणि सासरही आता पुण्यातच, पण सासरचे मूळचे सोलापूरकडचे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "गाजराची पचडी कर गं आज." मी छान गाजर किसलं, दही फेटलं, चिमूटभर साखर घातली, वरून तूप-जिऱ्याची फोडणी दिली आणि पानात वाढली. त्यांनी चवीने खाल्ली आणि म्हणाल्या, "कोशिंबीर मस्त झालीये, पचडी उद्या मी दाखवते." दुसऱ्या दिवशी दाखवली तर त्यात दह्याचा थेंबसुद्धा नाही, गाजर किसायच्या ऐवजी बारीक बारीक चिरलेलं, बरोबर कांदा, कोथिंबीर, शेंगदाण्याचं भरड कूट, लिंबू आणि वरून मोहरी-हिंग-हळदीची तेलाची कडक फोडणी, ती पण चर्र आवाज येईल अशी. तेव्हापासून मला हा नाद लागला, कुणाकडे जेवायला गेले की पानाच्या डाव्या बाजूला जे काही कच्चं कापलेलं वाढलंय त्याला ते लोक काय म्हणतात आणि का म्हणतात ते विचारायचं.

आणि इतकी वर्षं विचारून, करून बघून माझं पक्कं मत झालंय की ही नावं नुसती नावं नाहीयेत, नावातच कृती आहे. नाव नीट ऐकलं तर आंबटपणा कशाचा, सुटणारं पाणी कोण धरणार, फोडणी तुपाची की तेलाची आणि भाजी किसायची की चिरायची की चोचवायची, या चार गोष्टी आपोआप कळतात. म्हणून नवीन स्वयंपाक शिकणाऱ्यांना मी सांगते की रेसिपी पाठ करू नका, हे चार प्रश्न पाठ करा.

पण नावांकडे जायच्या आधी पाण्याचं बोलते, कारण कोशिंबीर बिघडते ती नव्वद टक्के वेळा पाण्यामुळे. काकडीत साधारण ९५ टक्के पाणीच असतं. तिला मीठ लागलं की ते पाणी बाहेर यायला लागतं, साखरेनेही तेच होतं, आणि दहा-पंधरा मिनिटांत वाटीच्या तळाला तळं साचतं. एका लग्नाला गेलो होतो, पहिल्या पंगतीला कोशिंबीर इतकी सुंदर होती की मी मागून घेतली, आणि आमचे भाऊजी तिसऱ्या पंगतीला बसले तर त्यांच्या पानात तीच कोशिंबीर वाहत वाहत चटणीत आणि वरणभातात शिरलेली. केलेली एकदाच होती ना सकाळी, मीठ घालूनच ठेवलेली, मग दुसरं काय होणार. मला अजून वाईट वाटतं त्याचं, कारण भाजी चांगली होती, दही चांगलं होतं, फक्त मीठ दोन तास आधी पडलं होतं.

तर उपाय दोन. एक, सगळं चिरून, कूट करून, फोडणीची तयारी ठेवून बसायचं आणि मीठ-साखर-लिंबू पानं घेताना घालायचं. दुसरा, आधीच मीठ लावून दहा मिनिटं ठेवायचं आणि मग हाताने दाबून पिळून घ्यायचं, म्हणजे पाणी जायचं ते आधीच गेलं. काकडी आणि किसलेला मुळा यांना हा दुसरा उपाय चांगला लागू पडतो, कोबीला तर मीठ लावून जरा चुरलं की तो मऊही होतो आणि त्याचा उग्र वास कमी होतो. पिळलेलं पाणी टाकू नका हं, त्यातच कणीक नाहीतर थालीपिठाचं पीठ भिजवा, फक्त मग पिठात मीठ बेताने घाला. गाजराला हे काही लागत नाही, त्याला फारसं पाणी सुटत नाही. टोमॅटोच्या बिया आणि आतला गर चमच्याने काढून आमटीत टाकला तर निम्मं काम झालं. दही पातळ असेल तर पंचामध्ये बांधून वीस मिनिटं टांगा, अगदी चक्का नको व्हायला, नुसतं वरचं पाणी गेलं की पुरे. दही आंबट असेल तर साखर वाढवत बसण्यापेक्षा दोन चमचे साय किंवा थोडं दूध फेटून घाला, चव गोल होते. आमच्या माहेरी तर कोशिंबिरीसाठी सायीचंच दही बाजूला काढून ठेवायची आई.

आता पुण्यातल्या माझ्या सगळ्यात आवडत्या प्रकाराकडे येते, खमंग काकडी. नावात "काकडी" आहे आणि "खमंग" आहे, दही कुठे आहे? नाहीच. पाणी धरायला दाण्याचं कूट आणि ओलं खोबरं, आंबटाला लिंबू, फोडणी तुपाची. आणि कापायची पद्धत वेगळी, काकडी चोचवायची. हा शब्द हल्लीच्या मुलींना माहीत नसतो म्हणून जरा सविस्तर सांगते. काकडी सोलून घ्या, दोन्ही टोकं कापा, आणि टोकाजवळचा एक तुकडा आधी खाऊन बघा, कारण कडूपणा देठाच्या बाजूला आणि सालीखाली जास्त असतो. टोक घासून फेस काढायची आपल्याकडे पद्धत आहे, ती मीही करते, पण चाखून बघणं त्याहून खात्रीचं. जास्त कडू लागली तर ती काकडी सरळ बाजूला ठेवा, साखर घालून झाकू नका, तशी कडू काकडी पोटाला चांगली नाही. आता काकडी डाव्या हातात उभी धरा, सुरीच्या धारेने वरच्या टोकावर उभ्या-आडव्या जवळजवळ चिरा मारत जा, टक टक टक, काकडी हातातल्या हातात फिरवत. चिरा अर्धा पाऊण इंच खोल गेल्या की आडवी सुरी चालवून तो वरचा थर ताटात उतरवा. बारीक, ओबडधोबड, एकसारखे नसलेले तुकडे पडतात. मग पुन्हा चोचवा, पुन्हा उतरवा. आई विळीवर करायची, तिची काकडी ताटात पावसासारखी पडायची, आणि तो हिरवा ओला वास घरभर.

किसून का नको असं सगळे विचारतात. किसली की ती ठेचल्यासारखी होते आणि सगळं पाणी लगेच सुटतं, दाताखाली काही येत नाही. फूड प्रोसेसरचंही तेच. चोचवलेल्या तुकड्याला कड असते, तो कुरकुरीत राहतो आणि तरी इतका बारीक असतो की कूट त्याला चिकटतं. दोन मध्यम काकड्यांना मी तीन टेबलस्पून दाण्याचं कूट घेते, दोन टेबलस्पून ओलं खोबरं, एक छोटा चमचा साखर, अर्धं लिंबू. दाणे मंद आचेवर डाग पडेपर्यंत भाजून, सालं पाखडून, भरडच कुटायचे, पीठ झालं की कोशिंबीर चिकट होते. फोडणीच्या पळीत दोन चमचे तूप, अर्धा चमचा जिरं, ते फुललं की एक-दोन हिरव्या मिरच्यांचे तुकडे, मिरचीचे डाग पांढरट दिसायला लागले की गॅस बंद. ही फोडणी अर्धं मिनिट थांबून घाला. कालवा, मीठ घाला, लगेच वाढा. वरून कोथिंबीर. यात हिंग-हळद-मोहरी घातली नाही की हीच उपासाला चालते, म्हणून श्रावणात आणि एकादशीला घरोघरी हीच असते, साबुदाण्याच्या खिचडीच्या शेजारी. काहींच्या घरी उपासाला कोथिंबीर चालत नाही, ते तुमच्या घरचं बघा.

कोकणातल्या लोकांकडे हेच तवशाचं करतात, तवसं म्हणजे पावसाळ्यातली ती मोठी जाड काकडी. बिया जून असतात म्हणून मधला भाग काढून टाकायचा, बाकी कृती तीच, खोबरं मात्र सढळ हाताने.

पचडी वर सांगितलीच. सोलापूर, मराठवाडा या बाजूला हा शब्द जास्त ऐकू येतो. बारीक चिरलेलं, दही नाही, कूट आणि तेलाची फोडणी. कोबीची, गाजराची, मुळ्याची, कांद्याच्या पातीची, मेथीची सुद्धा. गंमत म्हणजे तेलुगूत पचडी म्हटलं की लोक चटणी समोर ठेवतात, कुटलेली नाहीतर वाटलेली, भाताबरोबर खायची, आणि तमिळ घरात तयिर पचडी म्हणजे चक्क दह्यातली, आपण ज्याला कोशिंबीर म्हणू ती. एकच शब्द, तीन वेगळ्या वाट्या. म्हणून ऑफिसमध्ये डबा उघडताना कुणी पचडी म्हणालं की आधी गाव विचारायचं. मुळ्याच्या पचडीत मी भिजवलेली मूगडाळ घालते मूठभर, आणि कोवळा पाला असेल तर तोही चिरून, त्याने मुळ्याचा उग्रपणा कमी जाणवतो. मुळा किसून त्यात भिजवून वाटलेली हरभऱ्याची डाळ घातली तर त्याला कुणी कुणी चटका म्हणतं, तो पण नक्की करून बघा थंडीत.

पचडीची सख्खी बहीण म्हणजे घोळाणा, आणि या प्रकाराबद्दल पुण्यात फार कमी जणांना माहिती आहे याचं मला मनापासून वाईट वाटतं. कोवळी मेथी, नाहीतर हरभऱ्याचा कोवळा पाला, नुसता धुऊन, कोरडा करून बारीक चिरायचा, त्यात चिरलेला कांदा, भरड कूट, तिखट, मीठ आणि कच्चं तेल, फोडणी नाहीच. हाताने घोळून घ्यायचं, चमच्याने नाही, बोटांनी जरा चुरलं की पाल्यात तिखट-मीठ मुरतं. ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर. मेथी मात्र कोवळीच हवी, मंडईत हिवाळ्यात छोट्या पानांची, मातीसकट मुळं असलेली जुडी मिळते ती घ्या, मोठ्या पानांची कडू लागते. धुताना तीन पाण्यातून काढा, कच्ची खायची आहे, माती दाताखाली आली की संपलं.

दह्यातल्याला आपण पुण्यात कोशिंबीरही म्हणतो आणि रायतंही म्हणतो, हॉटेलांमुळे रायता जास्त रुळलाय. पण कोकणात, गोव्यात रायतं म्हटलं की कान टवकारा, तिथे त्यात मोहरी असते, राई वाटून घातलेली. पिकलेल्या छोट्या आंब्यांचं रायतं, गूळ, खोबरं आणि वाटलेली मोहरी, दही अजिबात नाही, आणि पहिल्या घासाला नाकात झिणझिण्या. मोहरी फेसलेली म्हणजे थोड्या पाण्याबरोबर वाटून फेटून घेतलेली, जास्त वाटली तर कडवट होते, म्हणून अर्धा चमचाच घ्या आणि शेवटी घाला.

भरिताचंही असंच. जळगावच्या बाजूला भरीत म्हणजे निखाऱ्यावर भाजलेली वांगी, ठेचून, तेलात मिरची-लसूण आणि कांद्याची पात, कळण्याची भाकरी, थंडीतल्या शेतातल्या पार्ट्या. आणि माझ्या आईच्या स्वयंपाकघरात भरीत म्हणजे लाल भोपळा वाफवून, कुस्करून, दह्यात कालवून वर हिंग-मोहरीची फोडणी, दुधीचंही तसंच. म्हणजे पुण्यातल्या भाषेत भाजी कच्ची असेल तर कोशिंबीर, शिजवून दह्यात घातली तर भरीत. बीट मधेच अडकतं, ते उकडलेलं असूनही त्याला कोशिंबीरच म्हणतात. बीट पूर्ण गार करून किसा आणि दह्यात वाढतानाच मिसळा, गुलाबी रंग तेव्हाच ताजा दिसतो. सगळ्याच दह्यातल्या प्रकारांना एक नियम, भाजी गार, दही गार, आणि फोडणी कोमट. रटरटती फोडणी दह्यावर ओतली की दही फाटल्यासारखं दाणेदार दिसतं.

कर्नाटकात गेलात की कोसंबरी. शब्द आपल्या कोशिंबिरीच्या इतका जवळचा की ऐकूनच ओळख पटते, तमिळनाडूत तिला कोसुमल्ली म्हणतात. पण आत मुख्य डाळ! अर्धी वाटी पिवळी मूगडाळ तासभर भिजवायची, पूर्ण निथळायची, ती शिजवायची नाही, त्यात एक काकडी बारीक चिरून, ओलं खोबरं, लिंबू, कोथिंबीर आणि मोहरी-हिंग-कढीपत्त्याची फोडणी. डाळ नखाने सहज तुटली पाहिजे, आत पांढरा कणा राहिला तर अजून भिजू द्या. रामनवमीला तिकडे कोसंबरी आणि पानक देतात, पानक म्हणजे गुळाचं पाणी, वेलची-सुंठ घातलेलं. आणि आपल्याकडे त्याच चैत्रात हळदीकुंकवाला काय असतं? कैरीची डाळ आणि पन्हं. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा अंगावर काटा आला होता. तीच भिजवलेली कच्ची डाळ, तीच मोहरी-हिंगाची फोडणी, तेच खोबरं, उन्हाळ्याच्या तोंडावर तेच गार आंबट-गोड पाणी, फक्त तिकडे मूग आणि लिंबू, इकडे हरभरा आणि कैरी. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून भरडच वाटा, एका वाटी डाळीला पाऊण वाटी कैरीचा कीस, कैरी फार आंबट असेल तर अर्धी वाटी, आणि फोडणीत दोन सुक्या मिरच्या घाला. हळद फोडणीतच, वरून कच्ची नको.

केरळच्या सद्येत, म्हणजे ओणमच्या त्या केळीच्या पानावरच्या जेवणात, किचडी नावाचा पदार्थ वाढतात आणि आपल्या लोकांना वाटतं तांदूळ-डाळीची खिचडी येणार. येते ती काकडी, दही आणि खोबऱ्या-मोहरीचं वाटण. त्याच पानावर पचडी पण असते, ती बहुतेक वेळा गोडसर, अननसाची. गुजराती घरात संभारो मिळतो, कोबी-गाजर-मिरची मोहरीच्या फोडणीत मिनिटभरच परतलेली, अर्धी कच्ची, गरम. बघा, कापायची पद्धत आणि फोडणी आपलीच, पण भाजी कढईत गेली.

कचुंबर तर सगळ्यांना माहितीये, कांदा-टोमॅटो-काकडी, लिंबू, मीठ, जिरेपूड, फोडणी नाही, कूट नाही, म्हणून पाणी धरायलाही कुणी नाही, ते खायच्या पाच मिनिटं आधीच करायचं. कांदा चिरून दहा मिनिटं गार पाण्यात ठेवून निथळून घ्या, तिखटपणा निम्मा होतो. हा शब्द आपल्या लोकांबरोबर समुद्र ओलांडून पार पूर्व आफ्रिकेत गेलाय, केनिया-टांझानियात कचुंबरी म्हणतात आणि भाजलेल्या मटणाबरोबर, पुलावाबरोबर खातात. आमच्या वरच्या मजल्यावर काही वर्षं इराणी विद्यार्थी राहायचे, त्यांचं शिराझी सलाड बघून मला वाटलं हे तर कचुंबरच. पण त्यात सुका पुदिना तळहातावर चुरून घालायचे आणि आंबटाला कच्च्या द्राक्षांचा रस. आता फेब्रुवारीत मंडईत आंबट द्राक्षं दिसली की मी मूठभर पिळून घालते, लिंबापेक्षा मऊ आंबट लागतं, खरंच करून बघा. आणि तुकडे मात्र ते काबुली चण्याएवढे एकसारखे कापायचे, तिथे ओबडधोबड चालत नाही.

कोल्हापूरचा दहीकांदा वेगळा लिहायची गरज नाही, तांबड्या रश्श्याने तोंड भाजलं की हात आपोआप तिकडे जातो, फक्त कांदा उभा पातळ चिरा आणि दही बिनसाखरेचं घ्या.

नैवेद्याच्या पानासाठी करत असाल तर कांदा वगळा, चातुर्मासात तर बऱ्याच घरी नसतोच, आणि मग चव अळणी होऊ नये म्हणून आलं किसून थोडं घाला, नाहीतर डाळिंबाचे दाणे. पानात मीठ वर मधोमध, त्याच्या डावीकडे लिंबू, मग चटणी, मग कोशिंबीर. कोशिंबीर घट्ट असावी लागते ती याच्यासाठीच, केळीच्या पानाला काठ नसतो.

डब्यात न्यायची असेल तर काकडी-टोमॅटो टाळा, गाजर किंवा कोबी घ्या, कूट आणि फोडणी घालून कालवा, मीठ कागदाच्या पुडीत वेगळं द्या आणि लिंबाची फोड बाजूला. वीस-पंचवीस माणसांसाठी करताना दोन किलो काकडी पुरते. सकाळी चोचवून, मीठ न लावता, चाळणीत फ्रीजमध्ये ठेवा, खाली ताट लावून. कूट, खोबरं एका डब्यात कालवून तयार ठेवा. पहिली पंगत बसली की अर्ध्याच काकडीला मीठ-साखर-लिंबू लावा आणि त्यावर ताजी फोडणी द्या. उरलेल्या अर्धीला दुसरी पंगत बसेपर्यंत हात लावू नका, कुणी कितीही घाई केली तरी.